श्रावणापुरती सुटलेली दारू

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



आषाढ संपत आला की खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर या गावांतील मटणाच्या आणि दारूच्या दुकानांपुढे जी गर्दी उसळते, तिचे वर्णन बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. आषाढ अमावास्येला घरातील स्त्री भिंतीवर जिवतीचा पट लावते आणि लेकराबाळांना आयुष्य मागते. त्याच तिथीला घरातील पुरुषाने ‘गटारी’ हे नाव बहाल केले आहे. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. काल रात्रीपर्यंत गुत्त्यावर बसलेला माणूस आज कपाळाला गंध लावून शांतपणे सांगतो, “आता महिनाभर शिवायची नाही.” आणि नवलाची गोष्ट अशी की, पुष्कळदा तो शब्द पाळतोही. पुढे श्रावण अमावास्येला पोळा येतो, बैल सजतात, मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या करीला, महिनाभर थोपवून धरलेले सारे एका दिवसात वसूल केले जाते.

गटारी आणि कर या दोन काठांमध्ये वाहणारा हा महिना म्हणजे आपल्या समाजातील एक विलक्षण सामाजिक घटना होय. कायदा नाही, पोलीस नाही, दंड नाही; तरीही लाखो माणसे एकाच वेळी दारू सोडतात. या संयमाला मूळचा आधार धर्माचा आहे. परंतु अलीकडे त्याला आरोग्याचा एक नवा आधार येऊन मिळाला आहे. “एक महिना बंद ठेवली की लिव्हर साफ होते, मग अकरा महिने चिंता नाही,” असे पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, बाजार समितीच्या ओट्यावर सर्रास ऐकू येते. या समजुतीत सत्य किती आणि आत्मवंचना किती, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय वरवर वैयक्तिक वाटतो. तसा तो मुळीच नाही.

प्रथम सत्याचा भाग पाहू. अल्पकाळ दारू सोडल्याने शरीराला लाभ होतो काय? होतो, आणि तो मोजताही येतो. लंडनमधील संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शिफारस केलेल्या मर्यादेपेक्षा अधिक पिणाऱ्या, परंतु व्यसनाधीन नसलेल्या 94 व्यक्तींनी एक महिना दारू सोडली; 47 जणांनी पिणे चालू ठेवले. सोडणाऱ्या गटात इन्शुलिनला शरीराकडून होणारा अवरोध सुमारे 26 टक्क्यांनी घटला, रक्तदाब साडेसहा टक्क्यांच्या आसपास उतरला, वजन सुमारे दीड टक्क्याने कमी झाले. पिणे चालू ठेवणाऱ्यांत असा बदल दिसला नाही. यकृताचे म्हणावे तर, दारूमुळे त्यावर चढलेली चरबी काही आठवड्यांच्या वर्ज्यतेने उतरू लागते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने पूर्वीच मान्य केलेली आहे. झोप सुधारते, पोटातील जळजळ कमी होते, सकाळी उठताना डोके जड राहत नाही. तेव्हा श्रावण पाळणारा माणूस “बरे वाटते” असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नाही.

साधा हिशेब केला तरी हे पटावे. 42.8 टक्के मद्यार्काच्या भारतीय बनावटीच्या विदेशी दारूची 180 मिलिलिटरची एक क्वार्टर घेतली तर तिच्यात सुमारे 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. एक ग्रॅम मद्यार्क सात उष्मांक देतो. म्हणजे एका क्वार्टरमधून चारशेहून अधिक उष्मांक पोटात जातात. त्यांत प्रथिने नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत, काही नाही. ब्रिटनमध्ये आठवड्याला 14 युनिट, म्हणजे 112 ग्रॅम मद्यार्क, ही कमी धोक्याची मर्यादा मानली जाते. आपल्याकडील दोन क्वार्टरमध्येच ती ओलांडली जाते. जो माणूस रोज एक रिचवतो, तो त्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट पितो. एवढा भार महिनाभर उतरला तर शरीराने सुटकेचा निःश्वास टाकावा, हे स्वाभाविकच आहे.

परंतु या लाभाचा जो अर्थ पारावर लावला जातो, तो सर्वस्वी चुकीचा आहे. यकृत म्हणजे श्रावणात घासून पुसून ठेवावे आणि पुढे वर्षभर वापरावे असे घरातील भांडे नव्हे. चरबी उतरते ती दारू बंद आहे तोवर. पुन्हा सुरू झाली की पुन्हा चढते. यकृताचा दाह वर्षानुवर्षे चालू राहून त्याच्या जागी एकदा कठीण व्रणतंतू तयार झाले, म्हणजे ज्याला सिरोसिस म्हणतात ती अवस्था आली, की एका महिन्याने ती परत फिरत नाही. तेथे कायमची वर्ज्यता हाच मार्ग उरतो. कर्करोगाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला 1988 मध्येच मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातले आणि मद्याची कोणतीही मात्रा पूर्णतः सुरक्षित नाही, असे त्या संघटनेने 2023 मध्ये स्पष्टपणे सांगितले. अकरा महिन्यांचा धोका एका महिन्याच्या पुण्याईने फिटत नाही. त्यात गटारीच्या रात्री आणि करीच्या दिवशी जे अतिरेकी पिणे होते, त्याने स्वादुपिंडाचा दाह, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि रस्त्यावरील अपघात यांना आमंत्रणच मिळते. महिनाभर जपलेल्या शरीरावर दोन्ही टोकांना घाव घालण्याचा हा प्रकार आहे.

मग श्रावण पाळणे निरर्थक आहे काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. इंग्लंडात 2013 पासून जानेवारी महिना कोरडा पाळण्याची एक संघटित मोहीम चालते. ससेक्स विद्यापीठाने 2018 च्या मोहिमेतील आठशेहून अधिक सहभागी लोकांकडे पुढे ऑगस्टपर्यंत विचारणा केली. त्यांचे पिण्याचे दिवस आठवड्याला सरासरी 4.3 वरून 3.3 वर आले होते. एका बैठकीतील मात्राही घटली होती. ही माहिती लोकांनी स्वतः दिलेली आहे आणि मोहिमेत उतरणारा माणूस मुळातच बदलाची इच्छा बाळगणारा असतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही त्यातून एक गोष्ट दिसते. महिनाभराच्या विरामाचा खरा उपयोग यकृताला विश्रांती देणे एवढाच नसून माणसाला स्वतःच्या सवयीचे दर्शन घडविणे हा आहे. दारूवाचून संध्याकाळ काढता येते, लग्नाच्या वरातीत नाचता येते, मित्रांत बसता येते, याचा त्याला अनुभव येतो. तेथील मोहीम या अनुभवाला पुढच्या निर्धाराशी जोडते. आपल्याकडे हा दुवाच नाही. आपला श्रावण पोळ्याला संपतो आणि करीच्या जेवणावळीत त्याचा अनुभवही बुडून जातो.

येथे अर्थशास्त्राचा एक मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. श्रावण कोणत्या दिवसांत येतो? खरिपाचे पीक शेतात उभे असते. बियाणे, खते, निंदण-खुरपण यांवर घरातील सारा पैसा खर्च झालेला असतो. सोयाबीन निघायला दसरा-दिवाळी आणि कापूस घरात यायला त्याहूनही उशीर असतो. पश्चिम विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या वर्षातील हा सर्वांत चणचणीचा काळ. म्हणजे ज्या महिन्यात खिसा मुळात रिकामा, त्याच महिन्यात संयमाचे व्रत येते. या योगायोगामुळे संयम सोपा होतो, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी की, कसोटीचा खरा महिना श्रावण नव्हेच. सोयाबीनचे माप झाल्यावर, सरकीचे पैसे हातात पडल्यावर, ऊसतोडीची उचल मिळाल्यावर जो महिना येतो, तो कसोटीचा. व्रत त्या वेळी नसते, आणि दुकानदाराला ते चांगले ठाऊक असते.

घरखर्चाचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. जून 2025 मध्ये राज्य सरकारने दारूवरील उत्पादन शुल्क वाढविले, तेव्हा देशी दारूच्या 180 मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपये ठरविण्यात आली. रोज एक बाटली पिणारा मजूर महिन्याला 2,400 रुपये दुकानात देतो. चारशे रुपये रोज धरला तर ही सहा दिवसांची मजुरी झाली. श्रावण पाळून त्याने हे 2,400 रुपये वाचविले, हे खरे. परंतु उरलेल्या अकरा महिन्यांत तो 26,400 रुपये घालवतो. बायकोने बचत गटातून उचललेले कर्ज, मुलीची शाळेची फी, म्हाताऱ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन या साऱ्यांची गाठ त्या आकड्याशी आहे. श्रावणात वाचलेला पैसा घरात स्त्रीच्या हाती आला तर त्याचे काहीतरी दिसते. गटारी आणि करीच्या खर्चात तो आधीच किंवा नंतर जिरला तर काहीच उरत नाही. बचतीचा लाभ कोणाच्या हातात पडतो, हा प्रश्न विचारल्यावाचून आरोग्याचाही विचार पुरा होत नाही, कारण घरातील मुलांचे दूध आणि गर्भवतीचा आहार याच पैशातून यावयाचा असतो.

आता या विषयातील सर्वांत गंभीर बाब. महिनाभर सोडण्याचा सल्ला सरसकट सर्वांना देता येत नाही. ज्याचे शरीर दारूवर पूर्णपणे अवलंबून झाले आहे, जो सकाळी उठल्याबरोबर घेतो, ज्याचे हात प्यायल्यावाचून स्थिर होत नाहीत, अशा माणसाने श्रावण लागला म्हणून एकाएकी दारू बंद केली तर त्याच्या जिवावर बेतू शकते. पहिल्या काही तासांत हातपाय कापू लागतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो. माणूस नसलेली माणसे पाहतो, भिंतीवरचे किडे झटकू लागतो, कोणाला ओळखत नाही. खेड्यात याला “बाहेरचे झाले” म्हणतात. देवऋषी बोलावला जातो, अंगारा लावला जातो आणि मोलाचे तास निघून जातात. योग्य उपचार न झाल्यास या अवस्थेत मृत्यू येतो. योग्य औषधे आणि ब-1 जीवनसत्त्व वेळेवर मिळाल्यास बहुतेक रोगी यातून सुखरूप बाहेर पडतात. नुसती सलाईन लावून घरी पाठविणे हा त्यावरील उपचार नव्हे. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात घरातील पिणारा माणूस बरळू लागला तर त्याला देवळात न नेता दवाखान्यात न्यावे, एवढी एक गोष्ट गावोगाव पोचली तरी काही घरांतील कुंकू वाचेल.

सक्तीच्या विरामाने काय होते, याचा धडा देशाला 2020 मध्ये मिळाला. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागू झाली आणि 4 मेपर्यंत दारूची दुकाने बंद राहिली. अनेक घरांतील स्त्रियांनी त्या दिवसांत काहीशी शांतता अनुभवली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु केरळात दारू न मिळाल्याने व्यसनाधीन माणसांनी आत्महत्या केल्या. तेथील सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पुढच्या वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, आपल्याच विभागातील यवतमाळ जिल्ह्यात वणी येथे दारू मिळत नाही म्हणून हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर प्यायलेल्या सात जणांचा मृत्यू झाला. बाटली बंद झाली. आजार चालूच राहिला. उपचाराची सोय न करता पुरवठा तोडणे म्हणजे रोग्याला रस्त्यावर सोडणे होय.

इतिहासही हेच दुहेरी सत्य सांगतो. सोव्हिएत संघात 1985 मध्ये मद्यविरोधी मोहीम सुरू झाली, तेव्हा पुरुषांचे सरासरी आयुर्मान दोनच वर्षांत सुमारे 62 वरून 65 वर गेले. एवढ्या अल्पकाळात एवढा फरक क्वचितच पडतो. परंतु घरगुती दारूच्या भट्ट्या पेटल्या, सरकारचा महसूल बुडाला, मोहीम सोडून देण्यात आली. पुढे राजवट कोसळल्यानंतरच्या गोंधळात 1994 पर्यंत ते आयुर्मान 58 च्याही खाली घसरले. विराम संपला आणि माणसे पुन्हा मरू लागली. कमी दारू म्हणजे कमी मृत्यू, हे त्यातून सिद्ध झाले; आणि लोकांचे मन, त्यांचा रोजगार व त्यांची उपचारव्यवस्था यांचा पाया नसलेला विराम टिकत नाही, हेही सिद्ध झाले.

येथे शासनाच्या भूमिकेकडे दृष्टी टाकणे क्रमप्राप्त आहे. 1880 मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठविला होता. तेव्हा सरकार परक्यांचे होते. आज राज्यघटनेच्या 47 व्या कलमाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे निर्देश राज्याला दिलेले आहेत. 1949 चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे. आणि त्याच राज्याने 2025 मधील शुल्कवाढीतून चौदा हजार कोटी रुपयांची जादा प्राप्ती अपेक्षिली. किंमत वाढविल्याने पिणे काही अंशी घटते, म्हणून शुल्कवाढीला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या पैशाच्या विनियोगाचा. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 5.7 कोटी लोकांचे मद्यपान घातक किंवा व्यसनाधीन स्वरूपाचे आहे, आणि व्यसनाधीन अशा 38 व्यक्तींपैकी केवळ एकाला कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळतो. जे सरकार प्रत्येक बाटलीमागे पैसा घेते, त्याने उरलेल्या सदतीस जणांचे काय केले, हा हिशेब मागण्याचा अधिकार जनतेला आहे.

श्रावणाच्या व्रतात दडलेला एक धोका याच संदर्भात ध्यानात घ्यावा. व्यक्तीने महिनाभर संयम पाळला की सारे ठीक होईल, असे म्हटले म्हणजे दोष आपोआप व्यक्तीवर येतो. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या खारपाणपट्ट्यातील माणसाची किडनी बिघडते, तेव्हा “पीत असेल” असे म्हणून मोकळे होणे सोयीचे असते. त्याच्या विहिरीतील क्षारांबद्दल मग कोणी बोलत नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली की प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरविताना कर्ज आणि नापिकी बाजूला पडून दारू पुढे येते. दारू हे अनेकदा कारण असते, हे खरे. पण पुष्कळदा ती दुसऱ्या कारणांचे लक्षणही असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि कार्यकर्त्याला दोन्हींची जाण हवी.

तेव्हा करावयाचे काय? श्रावणाची थट्टा करणे हा पुरोगामीपणा नव्हे. आषाढीहून परतणारी शेगावची पालखी श्रावणाच्या सुमारास खामगावहून निघते, तेव्हा तिच्यासोबत चालणाऱ्या हजारो कष्टकऱ्यांत माळ घातल्यापासून दारूला न शिवलेली माणसे असतात. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांनी याच वऱ्हाडच्या मातीत व्यसनाविरुद्ध आयुष्य वेचले. लोकांनी आपण होऊन स्वीकारलेला संयम ही एक सामाजिक शक्ती आहे. तिचा अपव्यय होऊ नये, एवढेच.

त्यासाठी चार कामे हाती घेता येतील. पहिले, श्रावण लागण्याच्या पंधरा दिवस आधी गावातील आशा सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर यांच्या साह्याने ज्यांचे हात सकाळी कापतात अशा माणसांना शोधावे आणि त्यांनी दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी अशी व्यवस्था करावी. टेली-मानसचा 14416 हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. दुसरे, महिनाभरात वाचलेला पैसा दर आठवड्याला घरातील स्त्रीच्या नावाने बचत गटात जमा व्हावा. पोळ्याला ती रक्कम गावात वाचून दाखविली तर व्याख्यानांनी होणार नाही ते काम तो आकडा करील. तिसरे, करीच्या दिवशी, म्हणजे व्रत सुटते नेमक्या त्या दिवशी, ज्यांनी महिना पाळला त्यांची बैठक घ्यावी आणि पुढचा महिना, निदान सोयाबीनचे पैसे येतील तो महिना पाळण्याचा विचार त्यांच्यापुढे ठेवावा. ज्याला हे एकट्याने जमत नाही, त्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेची वा व्यसनमुक्ती केंद्राची वाट दाखवावी. पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणाने दाखवून दिले आहे की, व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रोगी आहे आणि तो बरा होऊ शकतो.

चौथे काम राजकीय आहे. 2008 च्या शासननिर्णयाने उभी बाटली की आडवी बाटली हे मतदानाने ठरविण्याचा अधिकार गावाला दिला. परंतु झालेल्या मतांच्या नव्हे तर एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला मत दिले तरच दुकान बंद होते. कामासाठी परगावी गेलेल्या, आजारी पडलेल्या, एवढेच काय मृत मतदारांचीही नावे अशा रीतीने दुकानाच्या बाजूने मोजली जातात. आमदार-खासदार ज्या नियमाने निवडून येतात, तोच नियम दारूच्या दुकानाला का लागू होऊ नये, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेतून उठला पाहिजे. आणि त्याच्या जोडीला, दारूच्या महसुलाचा निश्चित हिस्सा तालुक्याच्या गावी व्यसनमुक्तीच्या खाटांसाठी राखून ठेवावा, ही मागणीही उठली पाहिजे.

एक महिना दारू सोडल्याने शरीर सावरू लागते, हे विज्ञान सांगते. एका महिन्यात ते बरे होत नाही, हेही विज्ञानच सांगते. जो एक महिना सोडू शकतो त्याला दुसरा महिना अशक्य नसतो; आणि ज्याला एक आठवडाही सोडता येत नाही त्याला उपदेशाची नव्हे, उपचाराची गरज असते. यंदाच्या आषाढात गावोगाव फिरताना कार्यकर्त्यांनी या दोन माणसांतील फरक ओळखला आणि दोघांच्याही दारी योग्य ती मदत पोचविली, तर जिवतीच्या पटापुढे हात जोडून बसलेल्या बाईच्या मागण्याला काही अर्थ येईल.